जंताला घर कसं सापडतं?

फेब्रुवारीच्या १० तारखेला आमच्या घराजवळच्या शाळेत जंताची गोळी वाटतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे त्या आठवड्यात शाळेच्या फाटकापाशी कुणी ना कुणी आई मला अडवतेच. यंदा एकजण म्हणाली, "मॅडम, गेल्या वर्षी गोळी दिली तेव्हा पोरीचे जंत पडले. आता परत गोळी. मग हे गेले कुठे होते आणि आले कुठून?"

मी दोन वाक्यांत उत्तर दिलं. घरी येईपर्यंत ते उत्तर मलाच अपुरं वाटायला लागलं. हात धुवा, चप्पल घाला, नखं कापा, हे आपण सगळेच सांगतो. पण ज्या अळीला डोळे नाहीत, जी मिलिमीटरभरही लांब नाही, तिला माणूस कळतो कसा? शरीरात शिरल्यावर नेमकी आतड्यातली जागा सापडते कशी? आणि एवढ्या परक्या प्राण्याला आपलं शरीर हाकलून का देत नाही? गेल्या पंधरा-वीस वर्षांत प्रयोगशाळांमधून याची फार सुंदर उत्तरं आली आहेत. गोळी दरवर्षी का लागते, हेही त्यांतूनच उलगडतं.

## आधी तिघांची ओळख

दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्याच जिवावर जगणाऱ्या जीवाला परजीवी म्हणतात, आणि तो ज्याच्या शरीरात राहतो तो त्याचा यजमान. शाळेतली गोळी मुख्यतः मातीतून येणाऱ्या तीन परजीवींसाठी असते.

पहिला गोल जंत. गांडुळासारखा दिसतो, चांगला वीतभर वाढतो, कधी त्याहूनही लांब. शौचातून पडलेला पाहून घरचे घाबरतात तो हाच. याची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. दुसरा चाबूकजंत, जेमतेम चार सेंटिमीटरचा. मागचं टोक मुठीसारखं जाड, पुढचं केसासारखं बारीक. मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथल्या पिशवीसारख्या भागात तो राहतो, आणि ते केसासारखं डोकं आतड्याच्या अस्तरात धाव-दोऱ्यासारखं ओवून बसतो. तिसरा अंकुशकृमी, म्हणजेच हुकवर्म. सेंटिमीटरभर लांबीचा हा जंत लहान आतड्याला तोंडाने पकडून रक्त पितो. जातीनुसार एक जंत रोज ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा किरकोळ वाटेल, पण एखाद्या मुलीच्या आतड्यात असे शंभर जंत वर्षानुवर्षं असले आणि ताटात लोह आधीच कमी असलं, तर तिचा फिकट चेहरा आणि वर्गातली पेंग कुठून येते ते कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे दीड अब्ज लोकांच्या पोटात या तिघांपैकी कुणी ना कुणी आहे. (रात्री मुलांच्या गुदद्वाराशी खाज आणणारे बारीक पांढरे जंत वेगळे. त्यांना मातीची गरज लागत नाही, म्हणून त्यांना इथे बाजूला ठेवते.)

## गेले कुठे होते? मातीत

उघड्यावरच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. ती तेव्हाच कुणाच्या पोटात गेली तरी जंत होत नाहीत. दुधाला विरजण लावलं की लगेच दही मिळत नाही, ऊब आणि वेळ द्यावा लागतो, तसंच हे आहे. गोल जंताच्या आणि चाबूकजंताच्या अंड्यांना ओलसर, सावलीतल्या, उबदार मातीत साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तेवढ्यात अंड्याच्या आत अळी तयार होते, आणि मग ते अंडं वाट पाहत पडून राहतं. गोल जंताच्या अंड्याचं कवच इतकं चिवट असतं की ते मातीत काही वर्षंही टिकतं.

सूक्ष्मदर्शकाखाली ही अंडी एकदा पाहिली की विसरत नाहीत. गोल जंताचं अंडं तपकिरी-सोनेरी, वरून गाठीगाठींचं. चाबूकजंताचं अंडं मला नेहमी पखवाजासारखं दिसतं: मध्ये फुगीर, दोन्हीकडे निमुळतं, आणि दोन्ही टोकांना पारदर्शक बूच. त्या बुचांची गोष्ट पुढे येणार आहे, ती लक्षात ठेवा.

इथे एक शंका हमखास निघते. "आमच्याकडे आरओ आहे, आम्हाला कसले जंत?" पाणी गाळलेलं असेल तर पाण्यातून अंडी येणार नाहीत, हे खरं. पण मैदानात खेळून आलेल्या मुलाच्या नखांत माती असते, आणि कच्च्या खाल्लेल्या, नीट न धुतलेल्या गाजर-मुळ्याच्या सालीवरही असते. हुकवर्मला तर तोंडाची वाटच नको असते.

## कैरोमध्ये सांडलेला थेंब

हुकवर्मची अंडी मातीतच फुटतात. अळी तिथे वाढते, आठवड्याभरात संसर्गासाठी तयार होते आणि मग खाणं सोडून देते. अंगातल्या साठ्यावर ती काही आठवडे तग धरते. तेवढ्यात माणूस मिळायला हवा.

ही अळी कातडीतून शिरते, हे एका अपघातामुळे कळलं. आर्थर लूस नावाचा जर्मन शास्त्रज्ञ कैरोमध्ये काम करत होता. अळ्या असलेलं पाणी तो गिनिपिगच्या तोंडात थेंबथेंब सोडत होता, कारण जंत तोंडातूनच जातात असं तेव्हा सगळेच धरून चालले होते. थोडं पाणी त्याच्या हातावर सांडलं. ती जागा लाल झाली, खाजू लागली. काही आठवड्यांनी त्याच्याच शौचात हुकवर्मची अंडी दिसू लागली. १८९८ साली त्याने हे जाहीर केलं तेव्हा पुष्कळांचा विश्वास बसला नाही. मग त्याने शस्त्रक्रियेने काढायच्या असलेल्या एका पायावर, शस्त्रक्रियेच्या तासभर आधी, अळ्यांचं पाणी लावलं. पाय काढल्यावर कातडीचे पातळ काप करून पाहिले, तर अळ्या आत शिरलेल्या होत्या. आजच्या नियमांत असा प्रयोग बसणार नाही, आणि बसू नये. पण अनवाणी चिखलात काम करणाऱ्या माणसाच्या पायाच्या बोटांत उठणारी खाज आणि त्याचा रक्तक्षय यांची गाठ तिथे पडली.

कातडीतून शिरलेली अळी रक्तातून हृदयात, तिथून फुप्फुसात जाते, श्वासनळीतून वर चढते, गिळली जाते, आणि मग कुठे आतड्यात पोचते. गोल जंताचा प्रवास तर आणखी चमत्कारिक आहे. त्याचं अंडं आतड्यातच फुटतं, म्हणजे अळी आधीच मुक्कामी पोचलेली असते. तरी ती आतड्याची भिंत भेदून बाहेर पडते, यकृत आणि फुप्फुसं करत पुन्हा आतड्यात येते. घरात आलेल्या पाहुण्याने मागच्या दाराने निघून गावाला वळसा घालावा आणि पुढच्या दारावर टकटक करावी, तसं. जपानमधल्या शिमेसु कोइनो यांनी १९२२ मध्ये या जंताची २००० अंडी स्वतः गिळली. त्यांना न्यूमोनियासारखा त्रास झाला आणि खोकल्याच्या बेडक्यात अळ्या सापडल्या. जंत झालेल्या मुलाला कधी कधी काही दिवस खोकला येतो, दमा असल्यासारखी छाती वाजते, त्याचं एक कारण हे.

## अळीचं नाक आणि थर्मामीटर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मातीतल्या अळीला माणूस कळतो कसा?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या एलिसा हॅलम यांच्या प्रयोगशाळेने यावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांनी जास्त करून स्ट्रॉंगिलॉइडिस हा हुकवर्मसारखाच कातडीतून शिरणारा जंत वापरला, कारण त्याच्या जनुकांमध्ये नेमका बदल करता येतो. प्रयोग ऐकायला सोपा आहे. खळीसारख्या घट्ट थराची थाळी घ्यायची, तिचं एक टोक गार आणि दुसरं कोमट ठेवायचं, आणि मध्ये अळ्या सोडायच्या. अळ्या उबेच्या दिशेने सरपटत निघतात, आपल्या अंगाच्या तापमानापर्यंत. मग शास्त्रज्ञांनी चेतापेशींना ऊब जाणवून देणारं एक जनुक कापून निकामी केलं. त्या अळ्या जिवंत होत्या, हलतही होत्या, पण ऊब कुठल्या बाजूला आहे हे त्यांना कळेनासं झालं. हे २०१८ सालचं काम.

मला त्याहून थक्क करणारी गोष्ट कार्बन डायऑक्साइडची वाटते. शौचाच्या ढिगाऱ्यात हा वायू भरपूर असतो, माणसाच्या शरीराच्या आतही असतो. मातीत वाट पाहणारी अळी या वायूपासून दूर पळते. म्हणून ती ढिगाऱ्यातून बाहेर पडून आजूबाजूच्या जमिनीवर पसरते, जिथे कुणाचा तरी पाय पडेल. तीच अळी यजमानाच्या शरीरासारख्या वातावरणात ठेवून जागी केली, की तिचं वागणं उलटतं: आता ती त्याच वायूकडे ओढली जाते. खूण तीच, पण मुक्काम बदलला की तिचा अर्थ बदलतो. ज्या वासाने आधी बाहेर काढलं, तोच वास आता आत बोलावतो.

चप्पल घाला म्हणताना आपण नेमकं काय थांबवतो, ते यावरून दिसतं. अळी शिकार करायला धावत नाही. ती ओलसर जमिनीवर थांबून असते, आणि उबदार कातडीचा काही मिनिटांचा स्पर्श तिला पुरतो.

## कुलूप उघडतात आपलेच जिवाणू

आता त्या पखवाजाच्या बुचांकडे वळू. चाबूकजंताचं अंडं मातीत फुटत नाही. तोंडात, जठरात, लहान आतड्यातही फुटायला नको, कारण त्या अळीला राहायचंय मोठ्या आतड्याच्या तोंडाशी. अंड्याच्या आत कोंडलेल्या अळीला आपण नेमके तिथे पोचलो हे कसं समजतं?

मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये याचं उत्तर दिलं. उंदरांचा स्वतःचा एक चाबूकजंत असतो, माणसाच्या चाबूकजंताचा जवळचा नातलग. त्याची अंडी त्यांनी उंदराच्या आतड्याच्या तुकड्याबरोबर, अंगाच्या तापमानाला ठेवली. अंडी भराभर फुटली. मग अंडी आणि आतड्याचा तुकडा यांच्यामध्ये बारीक जाळी घातली. जाळीतून रस जाईल पण जिवाणू जाणार नाहीत अशी. आता अंडी फुटेनात. म्हणजे काम रसाचं नव्हतं. आतडं काढून टाकून नुसते ई. कोलाय हे आतड्यातले नेहमीचे जिवाणू दिले, तर अंडी पुन्हा फुटली. तेच जिवाणू गार तापमानाला दिले तर मात्र फुटत नव्हती.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चित्र अगदी स्वच्छ दिसलं. जिवाणू अंड्यावर सगळीकडे चिकटले नव्हते. दोन टोकांच्या बुचांवर त्यांची गर्दी होती. ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे बारीक धागे असतात, एक विशिष्ट साखर धरून ठेवायला. प्रयोगाच्या पाण्यात तीच साखर भरपूर मिसळली, की जिवाणूंचे धागे तिच्यातच गुंतून राहिले आणि अंडी फुटायचं प्रमाण घटलं. शेवटी जिवंत उंदरांना प्रतिजैविक देऊन आतड्यातले जिवाणू कमी केले आणि मग अंडी पाजली. या उंदरांत जंत कमी झाले.

आपण थांबून विचार करण्यासारखी गोष्ट आहे ही. जंताने घराचा पत्ता यजमानाच्या कुठल्याच अवयवावरून ठरवलेला नाही. तिथल्या वस्तीवरून ठरवला आहे. जिथे या जिवाणूंची दाटी आहे ते आपलं गाव, एवढी खूण त्याला पुरते. मँचेस्टरच्याच पुढच्या कामात, २०१८ मध्ये, आणखी एक पदर सापडला. जंत मुक्कामाला आले की आतड्यातल्या जिवाणूंची वस्तीच बदलते, आणि त्या बदललेल्या वस्तीत नंतर आलेली अंडी कमी फुटतात. आधी आलेल्या जंताची जागा त्यामुळे फार गर्दीची होत नाही.

यावर कुणी म्हणेल, "मग प्रतिजैविकं देऊनच जंत रोखा की!" तसं मुळीच करू नये. आतड्यातले जिवाणू पचनाला लागतात, इतर रोगजंतूंना दूर ठेवतात. एका चोरासाठी सगळी वाडी उठवायची नसते. हा प्रयोग समजून घेण्यासाठी होता, उपचार म्हणून नव्हे.

## आतड्यालाही चव कळते

इथवर जंत आपल्याला कसा ओळखतो ते पाहिलं. आता आपण त्याला कसं ओळखतो ते पाहू.

आतड्याच्या अस्तरात तुरळक विखुरलेल्या काही पेशी असतात. त्यांच्या वरच्या टोकाला कुंचल्यासारखा तुरा असतो, म्हणून त्यांना तुरेवाल्या पेशी म्हणू. १९५६ मध्येच त्या दिसल्या होत्या, पण त्या करतात काय, हे साठ वर्षं नीट कळलं नव्हतं. २०१६ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी एकाच सुमाराला उत्तर दिलं: कॅलिफोर्नियातला रिचर्ड लॉक्सली यांचा, हार्वर्डमधला वेंडी गॅरेट यांचा आणि फ्रान्समधल्या माँपेलिए इथला फिलिप जे यांचा. या पेशी आतड्याच्या पहारेकरी निघाल्या. गंमत म्हणजे त्यांच्यात जी यंत्रणा आहे, तिचे बरेचसे भाग जिभेवरच्या कडू-गोड ओळखणाऱ्या पेशींमध्येही असतात.

जंत आला की या पेशी एक रासायनिक निरोप सोडतात. तो जवळच्या प्रतिकार पेशींना मिळतो, त्या दुसरा निरोप परत अस्तराकडे पाठवतात, आणि अस्तर नव्या पेशी घडवताना तुरेवाल्या पेशी आणि चिकट शेंबडासारखा द्रव बनवणाऱ्या पेशी जास्त बनवायला लागतं. पहारेकरी वाढले, निरोप वाढले, द्रव वाढला. आतड्यात पाणी सुटतं, स्नायू जोरात आकुंचन पावतात, आणि जंत निसटून बाहेर ढकलला जातो. ज्या उंदरांत जनुक बदलून तुरेवाल्या पेशीच तयार होऊ दिल्या नाहीत, त्यांना जंत वेळेवर बाहेर टाकता आले नाहीत.

## मग तरी तो टिकतो कसा?

कारण काही जंत निरोपच अडवतात. उंदराच्या आतड्यात महिनोन्महिने राहणारा एक जंत आहे. ग्लासगो विद्यापीठातल्या रिक मेझल्स यांच्या गटाने तो बाहेर काय सोडतो ते एकेक करून तपासलं. त्यात एक प्रथिन असं सापडलं, जे आपल्या पेशींचा 'धोका आहे' हा निरोप वाटेतच पकडून ठेवतं. दुसरं त्याहून धूर्त आहे. आपल्याच शरीरात 'आता शांत व्हा' सांगणारा एक संदेश असतो. जंताचं प्रथिन त्या संदेशासारखं दिसतही नाही, घडण पूर्ण वेगळी आहे, तरी ते त्याच जागी बसतं आणि तोच हुकूम देतं. अक्षर वेगळं असूनही बँकेत सही चालून जावी, तसं हे.

यावरूनच 'जंत असणं चांगलं, त्याने ॲलर्जी होत नाही' असं म्हणणारे लेख फिरतात. प्रतिकारयंत्रणा शांत करणाऱ्या या प्रथिनांपासून पुढे औषधं बनू शकतात, म्हणून ती अभ्यासण्यासारखी आहेत. पण जिवंत जंतांची गोष्ट वेगळी. क्रोन्स या आतड्याच्या आजारात डुकराच्या चाबूकजंताची अंडी रुग्णांना पाजून मोठ्या चाचण्या झाल्या, आणि त्यांत फायदा सिद्ध झाला नाही. रक्त कमी असलेल्या मुलीच्या पोटात हुकवर्म ठेवण्याचं समर्थन तर कशानेच होत नाही.

## "हे सगळं उंदराचं. माणसाला कसं लागू?"

शंका योग्य आहे, आणि शास्त्रज्ञांनाही ती पडते. माणसाच्या चाबूकजंताला आत शिरताना पाहणार कसं? २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने आतड्याच्या एका मूळ पेशीपासून थाळीत इवलंसं आतडं वाढवून दाखवलं: वाळूच्या कणाएवढं, पण अस्तरातल्या बहुतेक प्रकारच्या पेशी असलेलं. इंग्लंडमधल्या सँगर संस्थेत मारिया दुके-कोरेआ यांनी उंदराच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या भागापासून अशी इवली आतडी वाढवली, ती सपाट पसरवली आणि त्यांवर चाबूकजंताच्या नुकत्या फुटलेल्या अळ्या सोडल्या. प्राण्याच्या पोटात जे डोळ्यांआड घडतं, ते इथे दिसलं: अळी वरचा चिकट थर विरघळवते, एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाताना मधल्या भिंती पाडत जाते, आणि मागे एक लांब बोगदा राहतो. पेशी जोडून झालेल्या त्या बोगद्यातच ती राहते.

म्हणजे उंदीर पूर्ण सुटला नाही. पण माणसाच्या पेशींपासूनही अशी आतडी वाढवता येतात, त्यामुळे उंदरात दिसलेलं माणसाच्या पेशींवर पडताळायची सोय झाली. आणि हुकवर्मच्या बाबतीत तर निरोगी प्रौढ स्वयंसेवक, संपूर्ण माहिती घेऊन आणि लेखी संमती देऊन, मोजक्या अळ्या कातडीवर लावून घेतात. नॉटिंगहॅम आणि लायडेन इथे असे अभ्यास झाले आहेत. लूसच्या हातावर सांडलेला थेंब आता मोजून लावतात, आणि शेवटी औषध देऊन जंत काढून टाकतात.

## गोड खाल्लं की जंत होतात ना?

नाही. साखरेतून जंत जन्मत नाही. अंडं किंवा अळी शरीरात गेल्याशिवाय जंत होऊच शकत नाही. बाळाला वावडिंगाचं पाणी देणाऱ्या आज्यांबद्दल मला आदर आहे, आणि वावडिंगाला आयुर्वेदात कृमिघ्न म्हटलंय हेही खरं. पण ते पाणी दिलं म्हणून शाळेतली गोळी चुकवू नका.

## न तपासता सगळ्यांनाच का? आणि दरवर्षी का?

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ मध्ये सुरू झाला. १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, दोन वर्षांखालच्या बाळांना अर्धी गोळी. प्रत्येक मुलाचं शौच तपासायचं तर खर्च गोळीच्या कितीतरी पट येईल, आणि जंत थोडे असले तर एका तपासणीत अंडी सापडतीलच असंही नाही. म्हणून जिथे मुलांमध्ये जंतांचं प्रमाण २० टक्के किंवा त्याहून जास्त आहे, तिथे सरसकट गोळी द्यावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळी बहुतेकांना सोसते. जंत जास्त असलेल्या मुलाला थोडी मळमळ किंवा पोटदुखी होऊ शकते. त्या दिवशी मूल आजारी असेल तर शिक्षकांना सांगावं आणि गोळी नंतर घ्यावी.

गोळी काम कसं करते? जंताच्या पेशींच्या आत बांधकामाच्या परांचीसारखा सांगाडा असतो. अल्बेंडाझोल त्या सांगाड्याचे तुकडे एकमेकांना जोडूच देत नाही. जंताला साखर शोषता येत नाही, तो उपाशी मरतो. पण गोळीचा असर मुलाच्या आतड्यात होतो, अंगणातल्या मातीत नाही. तिथली अंडी तशीच असतात. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर २०१२ मध्ये दिसलं की उपचारानंतर वर्षभरात गोल जंताचं प्रमाण उपचारापूर्वीच्या ९४ टक्क्यांपर्यंत परत चढतं. चाबूकजंताचं ८२ टक्क्यांपर्यंत, हुकवर्मचं ५७ टक्क्यांपर्यंत. त्या आईच्या "आले कुठून" या प्रश्नाचं उत्तर या आकड्यांत आहे. गेल्या वर्षीचे जंत मेले होते. हे नवे आहेत, त्याच मातीतले. वर्षभर पोटात जंत कमी राहिले, तेवढं रक्त वाचलं, हा गोळीचा फायदा. आणि माती स्वच्छ व्हायला वापरात असलेले संडास लागतात.

## लस का निघत नाही?

जंत जिवाणूसारखा एका पेशीचा नाही. हजारो प्रथिनं असलेला प्राणी आहे, शरीरात प्रवास करताना कातही टाकतो. हुकवर्मच्या अळीतलं एक प्रथिन घेऊन लस बनवली होती. ब्राझीलमध्ये ज्यांना आधी हुकवर्म होऊन गेला होता अशा लोकांना ती दिली, तेव्हा काहींच्या अंगावर लगेच गांधी उठल्या. आधीच्या संसर्गामुळे त्यांचं शरीर त्या प्रथिनाला ॲलर्जी दाखवायला बसलेलंच होतं. चाचणी थांबवावी लागली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी अळी सोडून मोठ्या जंताकडे मोर्चा वळवला: प्यायलेलं रक्त पचवायला आणि त्यातला विषारी भाग सोसायला तो जी प्रथिनं वापरतो, त्यांच्यावर. ती जंताच्या पोटात असतात, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध माणसात आधीपासून ॲलर्जी तयार झालेली असण्याची शक्यता कमी. त्यांच्यावरच्या लसी माणसांत तपासल्या जात आहेत.

## एकच गोळी तिघांवर सारखी चालते?

नाही, आणि हे पालकांना सहसा कुणी सांगत नाही. अल्बेंडाझोलच्या एका मात्रेने गोल जंत १०० पैकी ९५ जणांत पूर्ण बरा होतो, हुकवर्म ८० च्या आसपास. चाबूकजंत मात्र जेमतेम ३० जणांत. बोगद्यात डोकं खुपसून बसलेला जंत तो, सहज सुटत नाही. म्हणून अल्बेंडाझोलबरोबर आयव्हर्मेक्टिन एकाच गोळीत देऊन इथिओपिया, केनिया आणि मोझांबिकमध्ये मोठी चाचणी घेतली, आणि तिथे चाबूकजंतावर निकाल कितीतरी चांगला आला.

पण आयव्हरी कोस्टमध्ये हीच दोन औषधं एकत्र दिल्यावर चाबूकजंत फारसे हलले नाहीत. आधी वाटलं, औषधाला दाद न देणारा जंत तयार झाला. शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांत तसं झालेलं आहेच, त्यामुळे काळजी खरी होती. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी आयव्हरी कोस्टमधल्या रुग्णांच्या शौचातून पडलेले जंत गोळा केले आणि त्यांचा जनुकीय मजकूर वाचला. ती वेगळीच जात निघाली, आजवर माणसाच्या चाबूकजंतात मोजली गेलेली. इतकी वर्षं कुणाला शंका आली नव्हती, कारण गावोगावच्या तपासण्या होतात त्या अंडी पाहून, आणि सूक्ष्मदर्शकाखाली याचंही अंडं तसंच दिसतं: मध्ये फुगीर, दोन्हीकडे निमुळतं, दोन टोकांना दोन बुचं.